साहेबांचा पोपटी कोट

"कसा दिसतोय?"

अण्णा दारात उभे होते. अंगात पोपटी कोट, वरच्या खिशातून डोकावणारा लाल रुमाल, पायात पांढरे बूट आणि डोक्यावर तिरकी बसवलेली हॅट. हॅटच्या पट्टीत मोराचं छोटंसं पीस खोवलेलं. एक हात कमरेवर, उजवी भुवई वर. मे महिना होता, आणि सकाळीच अंगणातली फरशी चटके द्यायला लागली होती.

"घामाघूम व्हाल," मी म्हटलं.

"मी ते विचारलं नाही."

"मधलं बटण लावा."

त्यांनी बटण लावलं आणि चौकात जायचं सोडून माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसले. मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. कॉलेजला सुट्टी होती. जूनमधल्या एका चर्चासत्रात मला निबंध वाचायचा होता. इंग्रजी कादंबरीतला भपकेबाज उपरा, हा विषय. अण्णांचं इंग्रजी सरकारी परिपत्रकांपुरतं होतं, पण या माणसात त्यांना फार रस निर्माण झाला होता.

"तुझा तो माणूस कुठवर आला?"

"गावात येऊन पोचलाय."

"मग आता मजा. सांग."

मी सांगितलं. त्या कादंबऱ्यांत एक शिस्तीचं गाव असतं. लोक वेळेवर चहा पितात, हवेबद्दल बोलतात आणि एकमेकांच्या खिडक्यांवर लक्ष ठेवतात. तिथे एक दिवस हा येतो. नेमका कुठून, ते कुणाला ठाऊक नसतं. भडक जाकीट, बोटांत अंगठ्या, बोलणं मोठ्यानं आणि हसणं त्याहून मोठ्यानं. गाव आधी नाकं मुरडतं, मग त्याच्याकडे जेवायला जातं, जेवून आल्यावर पुन्हा नाकं मुरडतं. शेवटी तो मरतो, नाहीतर निघून जातो. गाव पुन्हा चहा प्यायला लागतं.

"जाकिटाचा रंग लिहिलेला असतो?"

"असतो. पिवळा, जांभळा. एका ठिकाणी गुलाबी सापडला."

"पोपटी?"

"अजून नाही."

"म्हणजे तुझा अभ्यास कच्चा आहे." त्यांनी हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. "बरं, ही गोष्ट सांगतं कोण? तो स्वतः?"

"नाही. पुष्कळदा शेजारचाच कुणीतरी असतो. गप्प बसून बघणारा. साध्या कपड्यांतला."

अण्णांनी माझ्या राखाडी ड्रेसकडे एकदा पाहिलं. "हं," म्हणाले. "आणि त्या शेजाऱ्याला हा आवडतो का?"

"तसं तो उघड म्हणत नाही. वाचणाऱ्याला कळतं."

"वाचणाऱ्याला कळून काय उपयोग गं? त्याला कळायला नको? तो बिचारा जाकीट घालून तिथं उभा."

असं म्हणून ते उठले, हॅट घातली, आरशात भुवई एकदा तपासली आणि गेले. दुपारी परतल्यावर कोट झटकून खुंटीला लावला. रात्री आमटीत मीठ कमी आहे म्हणाले आणि दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. कोट खुंटीवर होता. मधलं बटण लावलेलं.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली.

अण्णा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. मूळचे बडोद्याचे, नोकरीनिमित्त सातारा जिल्ह्यात आले आणि शेवटची बदली झाली त्या तालुक्याच्या गावातच राहिले. दुकानांत अचानक शिरून वजनं आणि मापं तपासायची, खोटी सापडली की जप्त करायची, हे त्यांचं काम. असल्या कामाला माणूस गर्दीत मिसळणारा हवा. आमचे अण्णा एस.टी. स्टँडपासून दिसायचे. ते नगारखाना चौकात पोचेपर्यंत सगळ्या पेठेतली मापं खरी झालेली असायची. जिल्ह्याच्या साहेबांनी एकदा त्यांना बोलावून विचारलं, "टिपणीस, तुम्हाला खोटं वजन कधीच कसं सापडत नाही?" अण्णा म्हणाले, "साहेब, पोलिसाला सरकार गणवेश देतं. मला दिला नाही, म्हणून मी शिवून घेतला."

चौकातली हौसाबाई भाजीवाली तराजूच्या पारड्याखाली मेणानं चिंचोका चिकटवायची. कोपऱ्यावर पोपटी ठिपका दिसला की ती नखानं चिंचोका काढून तोंडात टाकायची. अण्णांना हे पक्कं माहीत होतं. मी एकदा म्हटलं, पकडत का नाही तिला? तर म्हणाले, "रोज काढते ना? मग झालं." निवृत्त झाल्यावरही ते रोज कोट चढवून चौकात जात. हौसाबाईला निवृत्ती म्हणजे काय ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

आणि रोज निघताना ते दारात उभे राहून विचारायचे, कसा दिसतोय? आई होती तोवर ती सांगायची, "नाटकातला राजा पळून आल्यासारखे." तिच्यानंतर ते मला विचारायला लागले. मी म्हणायचे, उशीर होतोय तुम्हाला. नाहीतर, बाहेर ऊन आहे. आमच्या घरात कौतुक करायचं खातं अण्णांकडे होतं. मला ते जमत नसे, एवढंच.

आम्ही गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहत होतो. सुट्टीमुळे निम्म्या घरांना कुलपं. शेजारच्या चौघांनी हात लावला आणि दुपारच्या आत सगळं आटोपलं. पांढऱ्या कापडातले अण्णा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. ओळखू येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बडोद्याहून बापूकाका आले. अण्णांचे थोरले भाऊ. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट आणि करडी पँट याशिवाय त्यांना कुणी कशात पाहिलं नव्हतं. दर दिवाळीला ते अण्णांना पांढऱ्या शर्टाचं कापड पाठवायचे आणि अण्णा त्याचे उशांना अभ्रे शिवून घ्यायचे. आल्यावर काका थोडा वेळ रडले, मग पलंगावर आडवे झाले आणि उशीवर हात फिरवत म्हणाले, "हे कापड ओळखीचं वाटतंय."

मी चहा टाकायला उठले.

"गावाला कळवायला हवं," संध्याकाळी ते म्हणाले. "इकडे चौकात फ्लेक्स लावतात ना?"

"लावतात."

"मग मी बघतो. तू कशातच लक्ष घालू नकोस."

मी घातलं नाही. त्या दिवसांत मला पाण्याचा तांब्या उचलणंही जड जात होतं.

फ्लेक्स लागल्यावर काकांनी मला मुद्दाम रिक्षातून चौकात नेलं. "बघ," ते म्हणाले, "आता कसा घरंदाज दिसतो! जिवंतपणी ऐकलं नाही, आता तरी ऐकलं."

वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'कै. श्रीधर मोरेश्वर टिपणीस', दहाव्याची तारीख, नदीवरच्या घाटाचं नाव, आणि 'शोकाकुल: समस्त टिपणीस परिवार'. म्हणजे मी आणि काका. मध्ये एक गृहस्थ हात जोडून उभे होते. पांढरा नेहरू शर्ट, पांढरी टोपी, बोटात जाड अंगठी. मिशांची टोकं कापलेली. चेहरा अण्णांचाच होता, पण एखाद्या पतपेढीच्या वार्षिक सभेला आल्यासारखा.

"भुवई सरळ केलीत, काका?"

"स्टुडिओवाला म्हणाला, करता येते. श्रद्धांजलीला वर गेलेली भुवई बरी दिसते का?"

दुसऱ्या दिवसापासून काकांनी बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली, शेजारून खुर्च्या आणल्या आणि लोकांची वाट बघत बसले. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी बेल वाजली, तेव्हा काका लगबगीनं उठले. गॅस सिलिंडरवाला होता. काकांनी त्याला आत घेतलं, बसवलं, चहा दिला. तो बिचारा मान खाली घालून बसला, कप ठेवला आणि जाताना हळूच मला म्हणाला, "ताई, पाहुण्यांच्या घरी काही वाईट झालंय का?"  मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशीही सतरंजी तशीच. काकांनी ती गुंडाळायला घेतली.

"इतकी वर्षं राहिला इथं," ते म्हणाले, "आणि चार माणसं जोडली नाहीत यानं. मी सांगत होतो त्याला, बाबा रे, लोक तुला हसतात. हसणारे शेवटी येत नसतात. दहाव्याला घाटावर आपण दोघंच असणार बघ, उल्का."

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कारण टेबलावरच्या माझ्या निबंधात मीही हेच लिहून ठेवलं होतं. भपकेबाज उपरा जातो तेव्हा गाव फिरकत नाही. हे वाक्य मी स्वतः लाल शाईनं अधोरेखित केलं होतं. अण्णा गावाला खरोखरच एक करमणूक होते का, आणि करमणूक संपल्यावर लोक नुसतेच उठून गेले का, एवढंच मला कळायला हवं होतं.

दहाव्यासाठी काळे तीळ हवे होते. मीच आणते म्हणून बाहेर पडले. चौकात, त्या फ्लेक्सच्या बरोबर समोर, कांतिशेठ गुगळ्यांचं किराणा दुकान आहे.

"या ताई," शेठ म्हणाले. "काय, साहेब परगावी गेलेत वाटतं? चार-पाच दिवस कोट दिसला नाही चौकात. चुकल्या-चुकल्यासारखं होतंय बघा."

मी मागे बोट दाखवलं.

"शेठ, तो फ्लेक्स बघितला नाहीत का?"

"हा समोरचा? बघितला की. रोज दुकान उघडलं की पहिलं दर्शन त्यांचंच. कोण टिपणीस म्हणून वारले. आम्ही सगळ्यांनी डोकं खाजवलं, पण लागेना. शेजारचा दूधवाला म्हणतो, सुतारआळीत कुणाकडं तरी पाहुणे आले असतील. चांगला माणूस दिसतोय बिचारा."

"शेठ, ते साहेब आहेत."

"कोण साहेब?"

"आपले साहेब. कोटवाले."

कांतिशेठनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. दुकानाच्या पायऱ्या उतरले. फ्लेक्सखाली जाऊन मान वर करून उभे राहिले. एकदा टोपीकडे पाहिलं, एकदा मिशीकडे. मग त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांसमोर आडवे धरून फ्लेक्सवरचा मानेखालचा भाग झाकला.

"अरे देवा," ते म्हणाले. "साहेबांचं आडनाव टिपणीस होतं?"

"हो."

"मला वाटायचं, साहेब हेच आडनाव..." त्यांनी पुन्हा एकदा वर पाहिलं. म्हणाले, "पण ताई, हे हात साहेबांचे नाहीत. ही अंगठी मी ओळखतो. माझे सासरे गेले तेव्हा त्यांच्याही फ्लेक्सवर हीच होती. आणि सासऱ्यांनी जन्मात अंगठी घातली नव्हती!"

ते पायरीवरच बसले. रुमालानं डोळे पुसले, मग चष्मा पुसला, मग पुन्हा डोळे.

"तुम्हाला सांगतो, वडिलांनी दुकान माझ्या हाती दिलं तेव्हा दोन मापं दिली होती. एक साहेबांसाठी, एक गिऱ्हाइकांसाठी. कोट दिसला की बदलायचं. सकाळी बदला, दुपारी बदला. साहेब चहाला आले की बदला, चहा पिऊन परत निघाले की बदला. शेवटी हात दुखून आले हो माझे. एक दिवस खोटं माप फेकून दिलं विहिरीत, म्हटलं जाऊ दे, कटकट नको. असं आमचं दुकान प्रामाणिक झालं. आणि तो माणूस मरून चौकात समोर लटकला, तरी आम्ही ओळखला नाही!"

मला हसू आलं. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि हसताना डोळ्यांत पाणीही आलं, ते मी पदर नसल्यामुळे ओढणीला पुसलं.

"हे कुणी केलं?" शेठ उभे राहिले. "मुजावरनं ना? चला."

न्यू रोशन स्टुडिओ तिथून चार दुकानं पलीकडे. रमजान मुजावर मला बघताच खुर्चीवरून उठला.

"ताई, माझा इलाज नव्हता. मी काकांना म्हणलं, साहेबांना असं केलं तर ओळखायचं कोण? तर म्हणाले, थोरल्या भावाला शिकवू नकोस. आमच्याकडं तयार बॉडी असतात. पांढरा शर्ट-टोपी आहे, कोट-टाय आहे, फेटा आहे, धोतर आहे. बायकांसाठी डोक्यावरून पदर. नुसतं डोकं बसवायचं. काकांनी शर्ट-टोपी घेतली."

"मला अण्णा त्यांच्या कोटात हवेत," मी म्हटलं. "पण त्यांचे घरचे फोटो सगळे जुने आहेत, काळे-पांढरे. पोपटी कोटाची बॉडी असेल तुमच्याकडे?"

"तसली कुठं मिळायची ताई! पुण्यातबी नाही मिळणार." मुजावरनं डोकं खाजवलं. "पण साहेबांचा कोट आहे की आपल्याकडं."

"कोट घरी आहे."

"घरचा न्हवं. थांबा."

त्यानं कम्प्युटरवर काहीतरी उघडलं. पडद्यावर पोपटी कोट आला. लाल रुमाल, पांढरे बूट, कमरेवर हात. हातात हॅट. फक्त डोकं नव्हतं. मानेच्या वर स्वच्छ पांढरी पोकळी.

"दर दिवाळीला यायचे फोटो काढायला," मुजावर म्हणाला. "न्यायचे नाहीत कधी. म्हणायचे, राहू दे तुझ्याकडं, लागला तर. परवा काकांसाठी डोकं काढून घेतलं. हे खालचं टाकून द्यायला हात धजला नाही."

कांतिशेठ त्या बिनडोक्याच्या कोटासमोर हात जोडून उभे राहिले. "आत्ता दिसले साहेब," ते म्हणाले.

तेवढ्यात दारातून बापूकाकांचा आवाज आला. मला उशीर झाला म्हणून ते शोधत आले होते.

"हे काय चाललंय?"

"काका, फ्लेक्स बदलतोय," मी म्हटलं.

"कशाला? उल्का, अगं लोक हसतील!"

"हसू देत. ओळखून हसतील."

"गेलेल्या माणसाचा मान असतो काही!"

"काका, गाव आलं नाही कारण गावाला कळलंच नाही कोण गेलं. तुम्ही लावलेल्या फोटोतला माणूस कुणाच्या ओळखीचाच नाही. माझ्याही."

काका स्टुलावर बसले. पडद्याकडे बघत राहिले.  मुजावर उगाच माऊस पुसत होता.

"लहानपणी," काका शेवटी म्हणाले, "आईच्या फाटक्या साडीचा यानं सदरा शिवून घेतला होता. तीही अशीच होती, पोपटी. वडिलांनी शिक्षा म्हणून दिवसभर फाटकात उभा केला. मला वाटलं रडेल. हा गडी संध्याकाळी आत येऊन मला म्हणतो, बापू, सगळ्या गल्लीनं बघितला!" त्यांनी नाक ओढलं. "लाव बाबा. लाव याचं डोकं याच्या धडाला."

मुजावरनं टोपी काढली. मिशांची टोकं परत आणली. भुवई वर केली. मग चेहरा उचलून अलगद कोटावर नेऊन बसवला, आणि अण्णा दारात उभे राहावेत तसे आमच्यासमोर उभे राहिले.

"ताई, रंग लई भडक वाटतोय. जरा कमी करू का?"

"नको. वाढवता आला तर बघा."

"आणि नाव?"

काकांनी घसा साफ केला. "नाव राहू दे. खाली कंसात लिही, कोटवाले साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स चढला. मुजावरचा माणूस शिडीवर होता, मी आणि काका खाली. दोरी आवळली तसा वाऱ्यानं फुगलेला तो पोपटी कोट सगळ्या चौकाला दिसला. दूधवाल्यानं सायकल लावली. एस.टी.चे दोन कंडक्टर टोप्या काढून थांबले. "आरारा! साहेब गेलं व्हय!" कुणीतरी मागून म्हणालं, आणि ते पेठेत दुकानादुकानातून पुढे गेलेलं ऐकू येत राहिलं. कांतिशेठ अर्धं शटर ओढून खाली आले. काकांना घेरून माणसं विचारू लागली, कधी, कसं, दहावा किती वाजता. काका प्रत्येकाला सांगत होते, "मी थोरला भाऊ. हो, त्यांचाच."

रस्त्याच्या कडेला हौसाबाई वांगी तोलत होती. तिनं मान वर केली, फ्लेक्स बघितला, आणि सवयीनं तिचा हात पारड्याखाली गेला. नखानं चिंचोका निघाला. तो तोंडात टाकायचं विसरून ती तशीच मुठीत धरून बसली. डोळ्यांना पदर लावला आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत आणखी एक वांगं टाकलं.

मी फ्लेक्सखाली जाऊन उभी राहिले. कमरेवर हात. उजवी भुवई वर. रोज सकाळी तोच प्रश्न. या खेपेला ऊन, उशीर, बटण, काहीच मध्ये आलं नाही.

आजूबाजूला बरीच माणसं होती. तरीही मी ते मोठ्यानंच म्हटलं, घरात म्हणावं तसं.

"फार देखणे दिसताय, अण्णा."